बरगड्यांचा एक्स-रे: आधी रुग्णाला एका बोटाने जागा दाखवायला सांगा

प्रश्न ग्रामीण रुग्णालयात नुकत्याच रुजू झालेल्या एका एक्स-रे टेक्निशियनचा आहे. दुचाकीवरून पडलेला चाळिशीतला रुग्ण, उजव्या कुशीत दुखतंय, चिठ्ठीवर फक्त ‘एक्स-रे रिब्ज’ एवढंच लिहिलेलं. त्यांनी छातीचा पीए (छाती फिल्मकडे, किरण पाठीतून) काढला, एक ऑब्लिक (रुग्णाला तिरकं वळवून) काढला, काही दिसलं नाही. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी सीटी झाला तेव्हा दोन बरगड्या मोडलेल्या निघाल्या. आता ते विचारतात: ऑब्लिकला दुखरी बाजू टेकवायची की उलटी? श्वास आत घ्यायला लावायचा की बाहेर सोडायला? आणि के.व्ही. (किरणांचा जोर ठरवणारं ट्यूबचं व्होल्टेज) किती ठेवायचा?

सीटीत दिसलं आणि एक्स-रेत नाही, म्हणजे तुमची पोझिशन चुकलीच असं समजू नका. जागेवरून न सरकलेली बरगडीची चीर साध्या फिल्मवर सहज हुकते. छातीच्या साध्या एक्स-रेत निम्म्याच्या आसपास फ्रॅक्चर निसटतात, हे आता सगळेच मान्य करतात. तरीही, दुखणं कुशीत होतं हे तुम्हीच लिहिलंय, आणि छातीच्या सरळ फिल्ममध्ये नेमका कुशीतलाच भाग सगळ्यात वाईट दिसतो. त्यामुळे तुमच्याकडून काय राहिलं असेल याचा अंदाज बांधता येतो.

चिठ्ठी वाचली की लगेच ट्यूब हलवायला जाऊ नका. रुग्णाला म्हणा, “एका बोटाने दाखवा, नेमकं कुठे दुखतंय.” बहुतेक जण आधी अख्खा तळवा छातीवर फिरवतात आणि “हे सगळंच” म्हणतात. मग हळूच खोकायला किंवा जरा खोल श्वास घ्यायला सांगा. बोट आपोआप एका जागी जातं. आपण दाबून बघायची गरज नाही, तो डॉक्टरांचा प्रांत आहे, आणि मोडलेल्या बरगडीवर दाबलेलं रुग्ण विसरत नाही. त्या जागेजवळ शिशाचा छोटा ठिपका चिकटपट्टीने लावायचा. शिसं नसेल तर सायकलच्या बेअरिंगमधला बारीक छर्राही चालतो. पण तो बरोबर दुखऱ्या जागेवर लावू नका, बोटभर बाजूला लावा. नाहीतर जी चीर शोधायची तिच्यावरच आपण पांढरा ठिपका बसवतो. आणि ‘ठिपका दुखऱ्या जागेच्या बाहेरच्या बाजूला’ असं फॉर्मवर लिहा, म्हणजे रिपोर्ट लिहिणाऱ्याला ती धातूची गोळी कुठून आली असं वाटणार नाही.

ते बोट कुठे टेकलं यावरून तीन गोष्टी ठरतात: दुखणं पुढे आहे, मागे आहे की कुशीत, डायफ्रामच्या (छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याच्या) वर आहे की खाली, आणि डावीकडे की उजवीकडे. तुमचे तिन्ही प्रश्न याच तिघांतून सुटतात. पण त्यासाठी बरगडीचा आकार डोळ्यांपुढे हवा, म्हणून थोडं शरीररचनेकडे वळते.

बरगड्यांच्या 12 जोड्या. पहिल्या 7 आपापल्या कूर्चेने थेट छातीच्या हाडाला जोडलेल्या. 8, 9, 10 या वरच्या बरगडीच्या कूर्चेला चिकटतात. 11 आणि 12 पुढे कशालाच जोडलेल्या नाहीत. इतकं पाठ असतंच. पाठ नसतं ते बरगडीचं उतरणं. मागे मणक्याला चिकटलेलं टोक वर असतं आणि पुढचं टोक त्याहून 3 ते 5 इंच खाली. म्हणून चांगल्या खोल श्वासावर काढलेल्या छातीच्या फिल्मवर डायफ्रामच्या वर मागच्या 10 बरगड्या मोजता येतात, पण पुढच्या जेमतेम 6. एकाच बरगडीचं मागचं टोक फुप्फुसाच्या काळ्या भागात दिसतं आणि पुढचं टोक यकृताच्या पांढऱ्या सावलीत बुडालेलं असतं. डॉक्टरांनी ‘आठवी बरगडी’ लिहिली तर विचारावंच लागतं: पुढून की मागून? आठवी मागे दुखत असेल तर वरच्या बरगड्यांचा हिशेब, पुढच्या टोकाकडे दुखत असेल तर खालच्यांचा. बरगडीचा नंबर तोच, पण एक्स्पोजर वेगळं आणि श्वासही वेगळा.

दुसरी गोष्ट कूर्चेची. पोटाच्या वर, दोन्ही बाजूंना जी कमान हाताला लागते ती बरीचशी सातव्या ते दहाव्या बरगडीच्या कूर्चेची असते, आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही, तिच्यात चुना साठला असेल तरच दिसते. बोट नेमकं तिथे असेल तर दहा फिल्म काढल्या तरी हाती काही लागायचं नाही. डॉक्टरांना सांगा, सोनोग्राफीत कूर्चेची चीर दिसू शकते. (जाता जाता: वयस्कर पुरुषांत कूर्चेचा चुना कडांनी साठतो, दोन समांतर रेघा दिसतात, बायकांत तो मधोमध साठतो. नाव नसलेली फिल्म ओळखायला याचा आधार घ्यायचे आमचे जुने सर. पुरावा म्हणून नव्हे, गंमत म्हणून.)

तिसरी गोष्ट बरगडीच्या वळणाची, आणि तुमचं उत्तर बरंचसं हिच्यातच आहे. बरगडी बादलीच्या कडीसारखी वळलेली असते. समोरून पाहिलं तर कडीचा पुढचा आणि मागचा भाग लांबलचक दिसतो, पण बाजूचा, जिथे ती वळते तो भाग, स्वतःवरच दुमडल्यासारखा आखूड दिसतो. शरीरात तो बाजूचा भाग म्हणजे कूस. तिथली चीर सरळ एपीत (किरण पुढून पाठीकडे) किंवा पीएत दोन कडांच्या पांढऱ्या पट्ट्यात लपते. रुग्णाला 45 अंश वळवलं की तो भाग उलगडतो. ऑब्लिक काढायचा तो यासाठी, ‘आणखी एक व्ह्यू’ म्हणून नाही.

आता एपी की पीए. जो भाग डिटेक्टरच्या किंवा कॅसेटच्या जवळ, तो धारदार. पाठीत दुखत असेल तर पाठ बकीला (डिटेक्टर किंवा कॅसेट जिथे बसते त्या भागाला) लावा, म्हणजे एपी. पुढे दुखत असेल तर छाती बकीला, म्हणजे पीए. इथवर सगळ्यांना जमतं.

ऑब्लिकला गोंधळ होतो, कारण दोन नियम एकमेकांच्या उलट वाटतात. पाठीकडे किंवा मागच्या कुशीत दुखत असेल तर एपी ऑब्लिक, आणि दुखरी बाजू टेकवायची. उजवीकडे दुखतंय तर उजवी पाठ बकीला, डावी बाजू 45 अंश उचललेली: आरपीओ. पण पुढे किंवा पुढच्या कुशीत दुखत असेल तर पीए ऑब्लिक, आणि दुखरी बाजू टेकवायची नाही, उचलायची. उजवीकडे दुखतंय तर डावी छाती बकीला: एलएओ. नवीन माणूस इथेच अडतो, कारण ‘दुखरी बाजू जवळ’ हा एकच नियम त्याने पाठ केलेला असतो.

पाठ करू नका, मणक्याकडे बघा. मणका दुखऱ्या बाजूपासून दूर गेला पाहिजे. आरपीओमध्ये शरीर उजवीकडे तोंड करून वळतं, मणका फिल्मवर डावीकडे सरकतो, उजव्या बरगड्यांना पसरायला जागा मिळते. एलएओमध्येही मणका डावीकडेच जातो. किरण कुठून येतो एवढाच फरक, दुमड उलगडते तीच. याउलट उजव्या दुखण्याला आरएओ (उजवी छाती बकीला) काढला तर मणका उजव्या बरगड्यांवरच येऊन बसतो आणि कूस आणखी दुमडते. ‘उजवीकडे दुखतंय म्हणून उजवी बाजू टेकवली’ असं करून पीए ऑब्लिक काढला असेल, तर तुमच्या फिल्ममध्ये नेमकं हेच झालं असणार. जुनी फिल्म काढून बघा. नीट 45 अंशाच्या ऑब्लिकमध्ये मणक्यापासून दुखऱ्या बाजूच्या कडेपर्यंतचं अंतर दुसऱ्या बाजूच्या साधारण दुप्पट असतं. हे अंतर उलटं आलं असेल तर बाजू चुकली. दोन्हीकडे जवळपास सारखं असेल तर रुग्ण पुरेसा वळलाच नव्हता.

45 अंश डोळ्यांनी ठरवताना आपण बहुधा कमी वळवतो, कारण रुग्ण कण्हतो आणि आपला हात थांबतो. फोमचा 45 अंशाचा वेज असेल तर पाठीमागे सरकवा. नसेल तर उशी किंवा घडी केलेलं ब्लँकेट. खांदा वळला पण कंबर वळली नाही असंही बरेचदा होतं. दोन्ही एकाच कोनात हवेत, नाहीतर वरच्या बरगड्या उलगडतात आणि खालच्या तशाच राहतात.

श्वासाचं कारण डायफ्राम. फुप्फुस हवेने भरलेलं, म्हणजे किरणांना मोकळा रस्ता. पोट भरीव, म्हणजे रस्ता अडवलेला. दोन्ही भागांतल्या बरगड्या एकाच एक्स्पोजरमध्ये चांगल्या आणायच्या म्हटलं तर एक भाग काळाकुट्ट होतो किंवा दुसरा पांढराफटक. म्हणून दोन वेगळे व्ह्यू. वरच्या बरगड्यांना रुग्ण उभा किंवा स्टुलावर बसलेला, खोल श्वास आत आणि रोखून. उभं राहिल्याने आणि श्वासाने डायफ्राम खाली जातो, पहिल्या ते नवव्या-दहाव्यापर्यंतच्या बरगड्या हवेच्या पार्श्वभूमीवर मोकळ्या होतात. खालच्या बरगड्यांना रुग्ण टेबलावर झोपलेला, श्वास पूर्ण बाहेर सोडून थांबलेला. झोपल्याने आणि श्वास सोडल्याने डायफ्राम मागच्या सातव्या-आठव्या बरगडीपर्यंत वर चढतो, आणि आठवी ते बारावी पोटाच्या एकसारख्या सावलीत येतात. झोपल्यावर पोटही पसरून जाडी थोडी कमी होते, हा वरचा फायदा.

सूचना देताना “श्वास घ्या” एवढंच म्हणून बटण दाबू नका. मोडलेल्या बरगडीचा माणूस पहिला श्वास अर्धाच घेतो. आधी एकदा नुसता सराव करून घ्या: “हळूहळू आत घ्या, घ्या, अजून थोडा, आता धरून ठेवा.” दुसऱ्या वेळी एक्स्पोजर. खालच्यांसाठी: “आत घ्या, आता सगळा सोडा, सोडा, आता थांबा, घेऊ नका.” ‘सोडा’ म्हटल्यावर बरेच जण सोडतात आणि लगेच पुन्हा घेतात. कंट्रोल पॅनलच्या काचेतून पोट बघत राहा.

के.व्ही.बद्दल. छातीच्या एक्स-रेला ग्रिडसह (विखुरलेले किरण अडवणाऱ्या पट्ट्यांच्या जाळीसह) 110 ते 125 के.व्ही. वापरतो तो मुद्दाम बरगड्या फिक्या पडाव्यात आणि मागचं फुप्फुस दिसावं म्हणून. बरगडीच्या फिल्ममध्ये हेतू बरोबर उलटा, म्हणून के.व्ही. कमी. कमी के.व्ही.ला हाडातला कॅल्शियम जास्त उठून दिसतो. वरच्या बरगड्यांना डिजिटलवर 75 ते 80, जुन्या फिल्म-स्क्रीनवर 65 ते 70. खालच्यांना पोटामुळे थोडा जास्त, साधारण 80 ते 85, फिल्मवर 70 ते 80. एमएएस (किरणांचं प्रमाण) तुमच्या मशीनच्या चार्टप्रमाणे. इथून बसून आकडा सांगणं बरोबर नाही, प्रत्येक ट्यूब आणि डिटेक्टरचा स्वभाव वेगळा असतो. वेळ मात्र जमेल तितका कमी ठेवा. श्वास रोखताना दुखतं आणि माणूस थरथरतो. काही ठिकाणी वरच्या बरगड्यांना कमी एमए (ट्यूबचा करंट) आणि दोन-तीन सेकंदांचं एक्स्पोजर देऊन संथ श्वास चालू ठेवतात, म्हणजे फुप्फुसाच्या रेषा पुसट होतात. छातीच्या हाडाला ते जमतं, पण ताज्या मारात छातीच हलते आणि बरगडीही पुसट होते. मी अशा रुग्णात ते करत नाही.

सीआर किंवा डीआरवर (डिजिटल एक्स-रेवर) एक गोष्ट लक्षात ठेवा: प्रोसेसिंगला ‘चेस्ट’ निवडलं की सॉफ्टवेअर बरगड्या दडपायच्या मागे लागतं. ‘रिब्ज’ निवडा, नसेल तर हाडांचा दुसरा पर्याय. मॉनिटरवर एकदा काळं-पांढरं उलटं करून बघायला काहीच लागत नाही, आणि कधीकधी कडेतली पायरी तशीच नजरेत भरते.

सेंटरिंगसाठी, म्हणजे किरणाचा मध्य ठरवायला, खुणा हाताने शोधा. गळ्याच्या खाली, छातीच्या हाडाच्या वर जी खाच लागते ती टी2-टी3 (छातीच्या दुसऱ्या-तिसऱ्या) मणक्यांच्या पातळीवर. तिथून दोन इंचभर खाली छातीच्या हाडावर आडवी उंचवट्याची रेघ लागते. तिच्या बाजूला चिकटते ती दुसरी बरगडी. पहिली कॉलरबोनखाली असते, ती चाचपडत बसू नका. दुसरीपासून खाली मोजत या. पाठीकडे, हात खाली सोडलेले असताना खांद्याच्या पात्याचं खालचं टोक साधारण टी7 वर. मानेच्या तळाशी ठळक उठलेला मणका तो सी7, मानेचा सातवा.

वरच्या बरगड्यांचा एपी: रुग्ण उभा, पाठ बकीला. कॅसेटची वरची कड खांद्यांच्या दीड इंच वर. किरण सरळ, खाचेच्या 3 ते 4 इंच खाली, म्हणजे टी7. हनुवटी वर, नाहीतर ती पहिल्या-दुसऱ्या बरगडीवर येते. हाताचे पंजे कमरेला, तळवे बाहेर, आणि खांदे पुढे ढकललेले, म्हणजे पाती बाहेर सरकतात. पात्याची आतली कड बरगडीवर आली की ती हुबेहूब फ्रॅक्चरसारखी दिसते. पीएमध्ये छाती बकीला, किरण टी7 वर, सी7 पासून 7 ते 8 इंच खाली. ऑब्लिकमध्ये दुखऱ्या बाजूचा हात डोक्यावर, कोपर वाकवून. खालच्या बरगड्यांना छातीच्या हाडाचं खालचं टोक आणि बरगड्यांची खालची कड यांच्या मधोमध किरण, आणि कॅसेटची खालची कड कमरेच्या हाडाच्या पातळीवर. बाराव्या बरगडीचं टोक फिल्मबाहेर गेलं, ही खालच्या व्ह्यूची नेहमीची तक्रार. अंतर उभ्याला 180 सेंमी असेल तर उत्तम, टेबलावर 100 सेंमी.

त्याआधी कपडे. मंगळसूत्र, ताईत, करदोटा, ब्लाउजचे आणि ब्राचे हुक, शर्टाची बटणं, बनियनच्या खिशातली चिल्लर. मार लागलेल्यांत आणखी एक भर: घरून लावलेला लेप. आंबेहळद किंवा चुना-हळदीचा वाळलेला जाड थर असेल तर ओल्या कापडाने पुसून घ्या, त्याची सावली उमटू शकते. झिंक ऑक्साइडच्या चिकटपट्टीने छाती आवळून आलेले रुग्णही असतात. पट्टीच्या कडा फिल्मवर दिसतात, आणि पट्टी काढायची की नाही ते डॉक्टरांना विचारून ठरवा. बाई रुग्ण असेल तर मदतीला बाई हवी आणि गाऊन हवा, हे वेगळं सांगायला नको. पाळी चुकली आहे का, हेही विचाराच. खालच्या बरगड्यांचा किरण पोटावर पडतो, आणि नवरा किंवा सासू बाजूला उभी असताना विचारलं तर खरं उत्तर मिळेलच असं नाही. रुग्णाला आत घेऊन दार लावून विचारा.

आता क्रम. पहिली फिल्म नेहमी उभ्याने छातीचा पीए. दोनच काय, चार बरगड्या मोडल्या असल्या तरी डॉक्टरांना आधी हवं असतं ते खालचं फुप्फुस: हवा गळलीय का, रक्त साठलंय का. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या मार्गदर्शक सूचनांतही किरकोळ मारात आधी छातीचाच एक्स-रे, आणि बऱ्याचदा तेवढाच, असं म्हटलेलं आहे. कारण साध्या, एकट्या बरगडीच्या फ्रॅक्चरचा उपचार फिल्म असो-नसो तोच: दुखणं कमी करणं आणि खोल श्वास घेत राहणं. डॉक्टरांनी ‘रिब्ज’ लिहिलं म्हणून मुकाट चार-पाच फिल्म काढण्याआधी त्यांना एकदा विचारायला हरकत नसते.

तुमच्या रुग्णाला मी काय केलं असतं? पीए छाती. मग बोट पुढच्या कुशीत असेल तर एलएओ, मागच्या कुशीत असेल तर आरपीओ, उभ्याने, श्वास आत, 75 ते 80 के.व्ही. बोट डायफ्रामच्या पातळीवर किंवा खाली असेल तर तोच ऑब्लिक झोपवून, श्वास बाहेर, 80 ते 85. म्हणजे पीए धरून दोन फिल्म, फार तर तीन. डाव्या बाजूचं दुखणं नाही तर डावीकडचा काढायचा नाही, ‘दोन्ही बाजू असू द्या’ म्हणून तर नाहीच. ऑब्लिकमध्ये किरणांचं क्षेत्र सहसा दुखऱ्या बाजूच्या अर्ध्या पिंजऱ्यापुरतं आखडता (कोलिमेट करता) येतं, तसं करा.

पालथं झोपवून पीए काढायला मोडलेल्या बरगडीचा माणूस तयार होत नाही, आणि त्याला तसं करायला लावूही नका. पीए हवा असेल तर उभ्याने किंवा बसवून. उभाच राहू शकत नसेल तर झोपलेल्या स्थितीत एपी, आणि ऑब्लिकसाठी रुग्णाऐवजी ट्यूब वळवा. इथे एक सापळा आहे. नेहमीच्या ग्रिडच्या पट्ट्या रुग्णाच्या लांबीच्या दिशेने असतात. त्यांच्या आडव्या दिशेने ट्यूब तिरकी केली की किरण पट्ट्यांनीच अडतात आणि फिल्म पांढरट पडते. ग्रिड-कॅसेट आडवी फिरवा म्हणजे पट्ट्या रुग्णाच्या आडव्या येतात आणि ट्यूब त्यांच्या दिशेने वळते, किंवा सडपातळ रुग्णात ग्रिड काढूनच टाका. मात्र इतका गंभीर रुग्ण असेल तर त्याची जागा मुळात सीटीच्या खोलीत आहे.

फिल्म आली की रिपोर्ट लिहिणं आपलं काम नाही, पण काही गोष्टी दिसल्या तर डॉक्टरांना धावत जाऊन सांगणं आपलंच काम आहे. फुप्फुसाच्या रेषा संपून बाहेर नुसता काळा पट्टा दिसला. पहिल्या-दुसऱ्या बरगडीला मोड दिसली. या आखूड, जाड हाडांना मोडायला मोठा जोर लागतो आणि त्यांच्यावरून हाताच्या मोठ्या रक्तवाहिन्या व मज्जातंतू जातात. खाली नववी ते बारावी मोडलेली दिसली. उजवीकडे यकृत, डावीकडे प्लीहा, मागे मूत्रपिंड. लगतच्या तीन किंवा जास्त बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या असतील तर तो तुकडा श्वासाबरोबर उलटा हलतो, आणि रुग्ण त्याच वेळी कोसळू शकतो. अशा माणसाला फिल्म वाळेपर्यंत बाकड्यावर बसवून ठेवायचं नसतं.

फसवणाऱ्या गोष्टी मात्र पुष्कळ. पात्याची कड सांगितली. त्वचेची घडी, गाऊनची शिवण, दोन बरगड्या एकमेकींना ओलांडतात तिथली काळी रेघ. पहिल्या बरगडीचं पुढचं टोक लवकर चुना धरतं आणि गाठीसारखं दिसतं. चौथी बरगडी पुढे दुभंगलेली असणं हा काही जणांत जन्मजात फरक. सी7 ला जादा बरगडी असेल तर खालचं सगळं मोजणं एकाने चुकतं. सी7 चे बाजूचे काटे खाली झुकलेले, टी1 चे वर उचललेले, इतकं बघितलं तरी कळतं. जुन्या खोकल्याच्या, दम्याच्या किंवा टीबीच्या रुग्णात मार न लागताही मधल्या बरगडीला कुशीत चीर येऊ शकते, म्हणून ‘पडलो नाही’ म्हणणाऱ्याला खोटं ठरवू नका.

लहान मूल असेल तर सावध राहा. बाळाच्या बरगड्या लवचिक असतात, सहज मोडत नाहीत. मागे, मणक्याजवळच्या बरगड्या मोडलेल्या दिसल्या तर मूल जोरात आवळलं गेलं असण्याची शंका घेतात. तिथे दोन्ही ऑब्लिक काढतात, आणि नवी चीर तेव्हा दिसत नसेल तर साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा. घरच्यांसमोर चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगायचं.

आणि आपल्याकडचा सगळ्यात मोठा विषय, एमएलसी, म्हणजे पोलिसांत जाणारी मेडिको-लीगल केस. आपल्या देशात बरगडीच्या फिल्मची निम्मी मागणी तिथूनच येते असं मला वाटतं. उपचार बदलत नसला तरी कलम बदलतं. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. तिच्या 116 व्या कलमात हाड मोडणं ही गंभीर दुखापत धरली आहे, पूर्वी ते भारतीय दंड संहितेच्या 320 मध्ये होतं. साधी दुखापत पोचवल्यास 1 वर्षापर्यंत, गंभीर दुखापत पोचवल्यास 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून हवालदार काउंटरवर वाकून विचारतो, “मॅडम, तुटलंय का?” आणि नातेवाईकही विचारतात, दोन्ही बाजूंचे. उत्तर एकच: रिपोर्ट डॉक्टर देतील. ‘तसं दिसतंय’ असंही म्हणू नका.

एमएलसीच्या फिल्मवर डावा-उजवा मार्कर शिशाचाच लावा, एक्स्पोजरच्या आधी. नंतर कॉम्प्युटरवर टाकलेला ‘आर’ कोर्टात उलटतपासणीत टिकवणं कठीण जातं, आणि ऑब्लिकमध्ये तर नंतर आठवून बाजू सांगणं धोक्याचंच. नाव, वय, एमएलसी नंबर, तारीख आणि वेळ फिल्मवर, व्ह्यूचं नाव आरपीओ की एलएओ तेही, आणि रजिस्टरात रुग्णाची सही किंवा अंगठा. पहिल्या फिल्मवर काही दिसलं नाही आणि दुखणं तसंच असेल, तर डॉक्टर बहुधा आठवडा-दहा दिवसांनी पुन्हा बोलावतात. तोवर चिरेच्या कडांचं हाड थोडं शोषलं जातं आणि रेघ रुंद होते, दोन-तीन आठवड्यांत कॅलसची (सांधणाऱ्या नव्या हाडाची) सावली येते. तेव्हा पहिल्याच पोझिशनमध्ये, त्याच बाजूला, त्याच के.व्ही.वर काढा, ठिपकाही तिथेच लावा, आणि जुन्या फिल्मचा नंबर फॉर्मवर लिहा. त्यासाठी पहिल्या दिवशी कोणता ऑब्लिक, किती के.व्ही., श्वास आत की बाहेर, ही एक ओळ रजिस्टरात लिहून ठेवावी लागते.